बीजगणितापासून कलनापर्यंत : पाटणचे भास्कराचार्य

नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला गणित विषय घेतला की पहिल्या वर्षापासून दोन नावे मागे लागतात. एक बीजगणित आणि दुसरे कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस. बारावीपर्यंत चांगले गुण मिळवणारी मुलेही इथे अडखळतात. सूत्रे पाठ असतात, उदाहरणाच्या पायऱ्याही पाठ असतात. पण ही पायरी इथे का घेतली, असे कुणी विचारले तर उत्तर येत नाही. मग हळूहळू मनात बसते, की हा विषय आपल्यासारख्यांचा नाही; तो परदेशात तयार झाला आणि तिकडच्याच लोकांना समजतो.

हे ज्या मुलांना वाटते त्यांनी एकदा चाळीसगावला जाऊन यावे. नंदुरबारहून धुळेमार्गे चाळीसगाव आणि तिथून नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला पाटण. आज ते पाटणादेवीच्या यात्रेसाठी आणि पावसाळी सहलींसाठी ओळखले जाते. नंदुरबार, धुळे, जळगाव हे जिल्हे अलीकडचे; नंदुरबार तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख एकच होता, खान्देश. आणि याच खान्देशात, आठशे वर्षांपूर्वी, एका गणित्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला गेला होता. त्या गणित्याचे नाव भास्कराचार्य. त्यांचा अभ्यासक्रम अंकगणितापासून सुरू होत होता आणि बीजगणितातून पुढे जात आज आपण ज्याला कलनशास्त्र म्हणतो त्याच्या दारापर्यंत पोहोचत होता.

वडीलच गुरू

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल अंदाजाने काढलेले नाही. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले आहे. गावाचे नावही त्यांनी दिले आहे, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड. हे विज्जलविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी विजापूर म्हणतात, कुणी बीड, तर कुणी पाटणचा परिसर. मात्र त्यांच्या घराण्याचा दगडात कोरलेला पुरावा सापडला तो खान्देशात.

घर विद्वानांचे होते. शिलालेखात त्यांच्या मागच्या सहा पिढ्यांची नावे आहेत : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. महेश्वर हे भास्कराचार्यांचे वडील आणि तेच त्यांचे गुरू. ज्योतिष आणि गणित दोन्ही त्यांनी वडिलांपाशी बसूनच शिकले. त्या काळी गणिताचा मुख्य उपयोग पंचांगासाठी होता. पेरणीचे नक्षत्र, तिथी, ग्रहण, लग्नाचा मुहूर्त यांची उत्तरे आकड्यांतून काढावी लागत. उत्तर चुकले तर ते आकाशात दिसत असे. सांगितलेल्या घटकेला ग्रहण लागले नाही तर गावासमोर फजिती ठरलेली.

वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात बीजगणित, तिसऱ्यात ग्रहांच्या गतीचे गणित आणि चौथ्यात गोलाचे शास्त्र. आजच्या शाळेच्या वरच्या वर्गांपासून पदवीपर्यंतची वाट जवळपास याच क्रमाने जाते. पुढे वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी पंचांग करणाऱ्यांसाठी करणकुतूहल हे आटोपशीर पुस्तक लिहिले. म्हणजे उतारवयातही वापरणाऱ्याला काय सोपे पडेल, हा विचार त्यांनी सोडला नव्हता.

मोर, साप आणि माकडांचा कळप

लीलावती हे नाव ऐकले की बहुतेकांना एक गोष्ट आठवते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने हुकला आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी हा ग्रंथ लिहिला. ही कथा आपल्याला मिळते ती फैजीच्या फारसी भाषांतरातून. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये हे भाषांतर केले, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. मूळ ग्रंथात ही हकिगत नाही. तिथे उदाहरण सांगताना ते कधी लहान मुलीला हाक मारतात, कधी मैत्रिणीला, कधी व्यापाऱ्याला. ती मुलगी खरी असो वा नसो, समोर कुणीतरी शिकणारे बसले आहे, असे समजूनच त्यांनी लिहिले हे नक्की.

उदाहरणेही रोजच्या पाहण्यातली. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. साप २७ हातांवरून बिळाकडे येताना दिसतो आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर १२ हात. साप २७ वजा १२, म्हणजे १५ हात आला. मोराचे अंतर काढायचे तर नवाचा वर्ग ८१, बाराचा वर्ग १४४, बेरीज २२५ आणि तिचे वर्गमूळ १५. काटकोन त्रिकोणाचा नियम असा एकदा डोळ्यांसमोर उभा राहिला की विसरत नाही.

बीजगणितात ते एक पाऊल पुढे जातात. अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जितकी असेल तितकी. एकापेक्षा जास्त अज्ञात आले की रंगांची नावे : काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिले अक्षर, या, का, नी, पी. आज आपण क्ष, य लिहितो त्याचेच हे जुने रूप. ऋण संख्येवर ते एक टिंब देत.

वर्गसमीकरणाचे त्यांचे एक उदाहरण पाहा. माकडांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि उरलेली १२ माकडे टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती? उत्तरे दोन येतात, १६ आणि ४८, आणि दोन्ही बरोबर. मग दुसरे उदाहरण. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. इथेही उत्तरे दोन, ५० आणि ५. पण पाच धरले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले तर उणे दोन. आकडेमोड जुळते, पण उणे दोन माकडे कुणी पाहिलेली नाहीत. म्हणून भास्कराचार्य हे दुसरे उत्तर मान्य करत नाहीत. समीकरण सुटले म्हणजे काम संपले असे नाही. उत्तर मूळ प्रश्नाला लावून पाहायचे, ही सवय ते अशी लावतात. वर्गसमीकरणाची आपण शाळेत शिकतो ती रीत त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने दिली आहे. श्रीधरांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची ती रीत टिकली ती भास्कराचार्यांनी नावानिशी नोंदवली म्हणून.

याच ग्रंथात चक्रवाल नावाची रीत आहे. एका संख्येचा वर्ग ६१ने गुणून त्यात एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी ती संख्या कोणती? साधा दिसणारा हा प्रश्न भलताच अवघड आहे, कारण सर्वांत लहान उत्तरच २२,६१,५३,९८० इतके मोठे आहे. भास्कराचार्यांनी ते मोजक्या पायऱ्यांत काढून दाखवले. चक्रवालाची मुळे त्यांच्या आधीच्या जयदेव या गणित्यापर्यंत जातात, पण ती नीट मांडून शिकवण्याजोगी केली ती भास्कराचार्यांनी. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून जे प्रश्न घातले, त्यात नेमका हा ६१चा प्रश्न होता.

चंद्राचा या क्षणीचा वेग

आता कलनाकडे येऊ. नंदुरबारहून धुळ्याला एसटीने गेलो तर अंतराला वेळेने भागून सरासरी वेग निघतो. पण गाडी चढावर हळू चालते आणि सपाटीवर जोरात. या घटकेला वेग किती, हे सरासरीवरून कळत नाही. चालकासमोरचा काटा तो दाखवतो. बदलणाऱ्या वस्तूचा त्या क्षणीचा वेग काढणे, हे कलनशास्त्राचे पहिले काम.

भास्कराचार्यांना हा प्रश्न चंद्राने घातला. चंद्र रोज सरासरी १३ अंश १० कला सरकतो, पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात त्याची चाल दिवसाला साधारण १२ ते १५ अंशांच्या दरम्यान बदलत राहते. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते. तिथी नेमकी केव्हा संपते ते सांगायचे तर त्या वेळी चंद्र किती वेगाने चालला आहे, हे कळले पाहिजे. दिवसाची सरासरी घेतली तर घटका चुकते.

चंद्राच्या चालीतला फरक ज्येच्या, म्हणजे आजच्या भाषेत साइनच्या, कोष्टकावरून काढत. सूर्यसिद्धांतातल्या कोष्टकात २४ ज्या आहेत, दर पावणेचार अंशांना एक. त्यात १५वी ज्या २८५९, १६वी २९७८ आणि १७वी ३०८४. म्हणजे ६० अंशांच्या अलीकडच्या घरात वाढ ११९ आणि पलीकडच्या घरात १०६. जुन्या रीतीने एका घरात असेपर्यंत वाढ ११९च धरायची आणि घर ओलांडले की एकदम १०६. जणू जिन्याच्या पायऱ्या. पण चंद्र जिना उतरत नाही; त्याची चाल सलग बदलते. मग बरोबर ६० अंशांवर वाढीचा दर काय धरायचा?

भास्कराचार्यांनी सांगितले, की त्या जागची कोटिज्या, म्हणजे कोसाइन, घ्या आणि त्रिज्येशी तिचे जे प्रमाण असेल त्या प्रमाणात दर धरा. ६० अंशांवर कोटिज्या १७१९, त्रिज्या ३४३८, म्हणजे बरोबर निम्मी. सुरुवातीचा दर २२५, त्याचा निम्मा साडेबाराशे नव्हे, साडेबारा अधिक शंभर, म्हणजे ११२॥. आणि ११९ व १०६ यांच्या मधोमध येणारा आकडाही हाच. शून्य अंशावर हा दर पुरा २२५ असतो आणि ९० अंशांवर शून्य. पदवीच्या पहिल्या वर्षाला फळ्यावर जे लिहिले जाते, की साइनचे अवकलन केले की कोसाइन मिळते, ते इथे चंद्राच्या कामासाठी वापरलेले आहे. या वेगाला त्यांनी नाव दिले तात्कालिकी गती, म्हणजे त्या काळची, त्या क्षणाची गती. तिथीचा शेवट जवळ असेल तेव्हा हीच गती घ्यावी, लांबचा हिशेब असेल तर ढोबळ गती चालेल, हेही त्यांनी सांगून ठेवले.

गोलाध्यायात कलनाची दुसरी बाजू दिसते. गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ किती? लल्ल या आधीच्या मोठ्या ज्योतिषाचार्यांनी दिलेला नियम चुकीचा होता. भास्कराचार्यांनी तो खोडून काढला. कसा? आवळ्यावर जशा उभ्या रेघा असतात तशा गोलाच्या पृष्ठभागाच्या अरुंद फाका कल्पायच्या, एका फाकेचे लहान लहान तुकडे करून त्यांची क्षेत्रफळे मिळवायची आणि मग सगळ्या फाकांची बेरीज. उत्तर येते मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. बारीक तुकडे करून त्यांची बेरीज घेणे, हे आजच्या संकलनाचे बीज आहे.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. भास्कराचार्यांनी पूर्ण कलनशास्त्र तयार केले होते, असे म्हणणे बरोबर नाही. कोणत्याही वक्राला लागू पडणारी सर्वसाधारण रीत त्यांच्याकडे नव्हती. ती सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी दिली. भास्कराचार्यांनी जे केले ते चंद्र आणि गोल या आपल्या प्रश्नांपुरते केले. पण त्यांना नेमका प्रश्न दिसला होता आणि त्याचे उत्तरही बरोबर होते. एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

का, ते सांगणारा शिक्षक

या सगळ्याहून मोठी त्यांची एक सवय होती. नियम दिला की त्याची उपपत्ती, म्हणजे तो नियम का खरा आहे हे, सांगायची. सिद्धांतशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले. त्याचा हेतूच हा. उपपत्ती न जाणणाऱ्या गणिताला जाणकारांच्या सभेत किंमत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. लल्लांची चूक त्यांना सापडली ती याच सवयीमुळे. मोठ्या माणसाने लिहिले म्हणून नियम मान्य, असे त्यांनी केले नाही. तपासून पाहिले आणि चुकले तिथे चुकले म्हणून सांगितले. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून शिष्यांसाठी त्यांचे सार काढले, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

भास्कराचार्यांच्या पश्चात मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाच्या पदरी विद्वानांचा प्रमुख झाला. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला मठ काढला, आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. शके ११२८ पूर्ण झाल्यावर, म्हणजे इ.स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला या मठाला दान मिळाले. देणारा तिथला निकुंभ वंशातला सोइदेव. हे सारे शिलालेखात आहे. लेख संस्कृतात सुरू होतो, पण दानाचा व्यवहार शेवटी त्या वेळच्या मराठीत लिहिलेला आहे. पाटणच्या बाजारात जो माल येई त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असा त्याचा आशय. बाजारातल्या लोकांना कळावे म्हणून बाजाराची भाषा. गणिताच्या शिक्षणासाठी सरकारी उत्पन्न लावून दिल्याची ही खान्देशातली आठशे वर्षांपूर्वीची नोंद आहे.

तो मठ पुढे टिकला नाही. यादवांचे राज्य गेले, पाटण ओस पडले. भास्कराचार्यांचे ग्रंथ मात्र देशभर शिकवले जात राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहून तिच्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. बीजगणिताचे फारसी भाषांतर १६३४ मध्ये झाले, कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये. क्षण आणि वेग यांचा धागा खान्देशात पुढे गेला नाही. तो फुलला केरळात, चौदाव्या शतकातल्या माधवाच्या शिष्यपरंपरेत, जिथे गुरूमागून शिष्य सलग दोनशे वर्षे शिकवत राहिले. एकट्या माणसाची बुद्धी कितीही मोठी असली तरी ती पुढे नेणारी शाळा लागते, हा यातला धडा.

पाटणचा लेख पुन्हा प्रकाशात आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ च्या सुमारास. पेशाने ते मुंबईतले नामवंत डॉक्टर. आणि तात्कालिक गतीचे महत्त्व जगासमोर मांडले ते पुण्यात जन्मलेल्या, काशीला शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्री यांनी, १८५८ मध्ये. दोघांचाही गणिताच्या मठाशी काही संबंध नव्हता; कुतूहल मात्र होते.

आज नंदुरबारची महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारी, घरातली पहिलीच पदवी घेणारी मुले तिथे गणित शिकतात. त्यांच्यासमोर सूत्र येईल तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारावा, हे असे का? आणि शिकवणाऱ्याने त्या प्रश्नाचा राग न मानता खडू हातात घ्यावा. साइनचे अवकलन शिकवताना चंद्राचे आणि ६० अंशांवरच्या साडेबारा अधिक शंभराचे उदाहरण दहा मिनिटांत फळ्यावर होते. पाटणच्या मठात हेच शिकवले जावे म्हणून तर ते दान दिले होते.